वीस मिनिटं पाणी

हे लिहायला मला बरेच दिवस लागले. उजव्या डोळ्याला अजून अक्षरं एकावर एक चढलेली दिसतात, म्हणून सगळं काम डाव्यावर चाललंय. अर्धं पान झालं की थांबते, थेंब टाकते, डोळे मिटून बसते. तरी लिहितेय, कारण घरी भांड्यांचा साबण, फिनाइल, कपड्यांचं लिक्विड करणाऱ्या शेकडो बाया आपल्या भागात आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणींना ते मीच शिकवलंय.

मी अकोल्यात एकटी राहते. माझं गाव अमरावतीजवळचं वलगाव. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भाजी आणि फुलं. मी अमरावतीला केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. केलं, मग अकोल्याच्या एमआयडीसीत एका डिटर्जंटच्या कारखान्यात लॅबमध्ये अठरा वर्षं काढली. लग्न झालं नाही. कारखाना बंद पडला तेव्हा बचत गटांच्या बायांना साबण शिकवायला लागले. बाळापूर, तिवसा, वलगाव, जिथून बोलावणं येईल तिथं एसटीनं जायचं. मला ते काम आवडायचं. निदान त्या दिवशी जेवताना समोर कोणीतरी असायचं.

स्लरी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भांड्यांच्या लिक्विडला जो फेस येतो, तेलकटपणा कापला जातो, ते काम ॲसिड स्लरी करते. दिसायला काकवीसारखी, तांबूस-काळी, घट्ट. कॅनमध्ये मिळते. ती आहे तशी वापरता येत नाही, नावाप्रमाणे ती तेजाबच असते. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात हळूहळू ओतून तिचा तिखटपणा मारावा लागतो. मारताना मिश्रण तापतं. सोडा स्लरीपेक्षाही वाईट, डोळ्याला तर फारच.

हे सगळं मला तोंडपाठ होतं. कारखान्यात भिंतीवर पाटी होती: चष्मा, हातमोजे, आणि डोळ्यात गेलं तर वीस मिनिटं वाहतं पाणी. मी त्या पाटीखाली अठरा वर्षं डबा खाल्ला. पण गावात शिकवायला गेले की बाया भ्यायच्या, दोघीतिघी उठून जायच्या. मग मी म्हणायला लागले, "काहून भेता व? साबणच त हाय शेवटी." हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन त्याचा हिशोब नाही.

त्या दुपारी

उन्हाळा होता. दुसऱ्या दिवशी तिवस्याला शिकवायला जायचं होतं, तिथं दाखवायला तयार माल हवा म्हणून मी घरीच मागच्या पडवीत एक घाणा घातला. प्लॅस्टिकच्या बादलीत सोड्याचं पाणी केलं. ते थंड व्हायला हवं होतं, मी थांबले नाही. पाणी नेहमीपेक्षा कमी घेतलं होतं, कारण नळ येऊन चार दिवस झाले होते आणि ड्रम तळाला लागला होता. बाजूनं बंद असलेला गॉगल आत शेल्फवर होता. मला नंबरचा चष्मा आहे, त्यावर गॉगल बसत नाही, वाफेनं धुरकटतो. मी तो वापरणं कधीच सोडलं होतं. नंबरचा चष्माही घाम पुसायला काढून ठेवला होता.

कॅन तिरपा केला. घट्ट स्लरी आधी येईना, मग एकदम मोठा गोळा पडला. बादलीतून चर्रर्र असा आवाज आला आणि गरम काहीतरी तोंडावर आलं.

पहिल्या क्षणी दुखलं नाही. आधी चव कळली, ओठांवर साबणाची बुळबुळीत चव. मग डोळे पेटले.

मी चाचपडत मोरीत गेले. नळ फिरवला, नुसती हवा आली. ड्रममधलं उरलेलं पाणी मघाशीच बादलीत गेलं होतं. स्वयंपाकघरात माठ होता, त्याचं पाणी तांब्यानं तोंडावर मारलं. दोन-तीन तांबे झाले, माठ रिकामा झाला. मला वाटलं, आग थोडी कमी झाली. खरं तर तेव्हा घराघरांतून पाणी मागायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. मी ओरडले नाही. एकटं राहून राहून माणसाची ओरडायची सवय जाते. मी ओढणीनं डोळे पुसत भिंतीला धरून पुढच्या दारात आले आणि हाक मारली, तीही हळूच.

शेजारच्या राबियाभाभी आल्या. त्यांच्या नवऱ्याची ऑटो आहे, ते जेवायला घरी आले होते.

"दीदी, मलो मत," त्या म्हणाल्या आणि माझे दोन्ही हात धरून ठेवले. ऑटोत दवाखान्यापर्यंत त्यांनी ते सोडले नाहीत. मी हात सोडवून घ्यायचा प्रयत्न करत होते. त्यांच्या मनगटावर माझी नखं लागली, ते मला नंतर कळलं.

"घरी किती वेळ धुतलं?"

दवाखान्यात त्यांनी मला आडवं करून नळीनं दोन्ही डोळ्यांत सलाईन सोडलं. पापण्या धरून उघडल्या होत्या. ते किती वेळ चाललं हे मला सांगता येणार नाही, उशी, केस, पाठ सगळं भिजलं. मध्येच थांबून, सोडा उरलाय का ते पाहायला डोळ्याला कागदाची पट्टी लावायचे आणि परत पाणी सुरू करायचे.

मग डॉक्टरांनी विचारलं, "घरी किती वेळ धुतलं?"

"दोन-तीन मिनिटं."

"काय करता तुम्ही?"

"हेच शिकवते," मी म्हणाले.

ते पुढं लिहीत राहिले, पेनचा आवाज येत होता. रागावले असते तर बरं झालं असतं. थोड्या वेळानं त्यांनी समजावून सांगितलं, की डावा डोळा सुधारेल. उजव्यात सोडा खोलवर गेलाय, बुबुळाच्या कडेचा भाग पांढरा पडलाय, तिथून नवी त्वचा यायची असते. येईल की नाही, आज सांगता येणार नाही. "अमरावतीला कोणी आहे का तुमचं? तिकडं मोठ्या डोळ्यांच्या दवाखान्यात जा."

राबियाभाभींनी माझ्या फोनवरून दादाला, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला फोन लावला.

अकरा दिवस

अमरावतीत मी अकरा दिवस होते. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. तासातासाला सिस्टर यायची, पट्टी सोडायची, थेंब टाकायची, बांधायची. तिची चप्पल एका पायाची घासत यायची, त्यावरून मी तिला ओळखायचे. सकाळ झाली हे फरशी पुसण्याच्या वासावरून कळायचं. तो वास फिनाइलचा, आणि त्यात फेस किती कमी आहे हे मी पडल्या पडल्या सांगू शकले असते. त्याचा उपयोग काय.

दादा रोज यायचा, पण अर्ध्या तासासाठी. झेंडूचा तोडा सुरू होता. फुलं पहाटे तोडून बाजारात गेली नाहीत तर दुपारी ती फुलं राहत नाहीत. तो स्टुलावर बसायचा. आम्ही भाऊबहीण कधी फार बोललो नाही. तो म्हणायचा, "कसं वाटून राह्यलं?" मी म्हणायचे, "बरं हाय."  तो उठला की स्टूल सरकल्याचा आवाज यायचा आणि मला वाटायचं, अजून पाच मिनिटं बस म्हणावं. कधी म्हटलं नाही.

शेजारच्या खाटेवर मोतीबिंदूच्या आजी होत्या. त्यांच्याकडे सगळं खानदान यायचं. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्याकडे त कोनीच बसून नाही राहात."

"सगळे कामात आहेत, आजी."

"लेकरं?"

"नाहीत."

 मग त्यांनी आपल्या सुनेला माझ्याकडे पोळी-भाजी द्यायला सांगितलं. सुनेनं घास करून हातात दिला. मी तो खाल्ला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. पट्टीखाली रडू नये असं सांगितलेलं होतं, पण ते आपल्या हातात नसतं. खारं पाणी जखमेला झोंबतं.

सहाव्या दिवशी उजव्या डोळ्यावर एक छोटी शस्त्रक्रिया केली. बाळंतपणानंतर जी वार पडते, तिचा अगदी पातळ पापुद्रा जखमी डोळ्यावर बसवतात. त्याखाली नवी त्वचा धरते. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की कुठल्यातरी बाईनं बाळंतपणाच्या वेळी तो दिलेला असतो, तिची परवानगी घेतात, तपासण्या करतात. नाव सांगत नाहीत. त्या दिवसांत मी तिचा फार विचार केला. तिचं मूल मुलगा असेल की मुलगी, आता किती महिन्यांचं असेल. दुसरा विचार करायला काही नव्हतंच असंही नाही. दुसरा विचार मला नको होता.

तो दुसरा विचार असा: पट्टीच्या अंधारात मला एकेका गावातल्या बाया दिसायच्या. शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर बसलेल्या, मांडीवर वही. मी बादलीत स्लरी ओततेय आणि सांगतेय, काहून भेता. कोणाच्याही डोळ्यावर गॉगल नाही. माझ्याही नाही.

वलगावला

दवाखान्यातून सुटल्यावर दादानं मला घरी नेलं. डाव्या डोळ्यानं दिसायला लागलं होतं, पण उजेड सहन होत नव्हता. दाराच्या फटीतली उन्हाची रेघसुद्धा सुईसारखी टोचायची. मला मागची खोली दिली, खिडकीला गोधडी लावली. तिथं मी दोन महिने राहिले.

वहिनीला माझं येणं जड गेलं, हे मी लपवत नाही. तिचं चुकत नव्हतं. पहाटे मळ्यात, मग स्वयंपाक, दुपारी हार गुंफायचे, त्यात माझे थेंब. थेंब टाकताना तिचा नेम चुकायचा, अर्धं औषध गालावर. एकदा ती चिडून म्हणाली, "बाई, एकट्या राह्यता अन् असले धंदे करता. काही झालं त कोनाले कराव लागते?"

मी म्हणाले, "तुले."

  त्या दिवसापासून मी थेंब स्वतः टाकायला शिकले. आरशाशिवाय, आडवं पडून, नाकाच्या कडेनं.

दादा म्हणाला, "अकोल्याची खोली सोडून दे. इथंच राह्य." मी कूस बदलली. रेडिओ ऐकून डोकं दुखायचं, फोन पाहता येत नव्हता. दिवस असा जायचा की मळ्यातली मोटर सुरू झाली, मोटर बंद झाली.

आठवड्याभरानं एका दुपारी वहिनी झेंडूचं टोपलं घेऊन खोलीत आली आणि भिंतीला टेकून बसली. रोज ती ओसरीत गुंफायची, शेजारणी असायच्या.

"इथं काहून? दिसनार नाही तुले."

"हाराले डोये नाही लागत," ती म्हणाली. "हातच गुंफते."

मग ती रोज तिथंच बसायला लागली. फारसं बोलायची नाही. सुई फुलातून जाताना कच्चकन आवाज होतो, दोरा ओढला की सुर्र. मी तो आवाज ऐकत पडून राहायचे. एकदा तिनं विचारलं, "तुमी ज्या बायाइले शिकवलं, त्याइले माहीत हाय का हे असं होते म्हनून?"

"नाही."

"मंग सांगाव लागन ना."

इतकं साधं होतं ते. दवाखान्यात अकरा दिवस मी त्याच्याभोवती फिरत होते आणि तिनं सुईत दोरा ओवता ओवता सांगून टाकलं.

फोन

भर पावसाळ्यात मी अकोल्याला परतले. उजव्या डोळ्यात त्वचा धरली होती. दुधी काचेतून पाहावं तसं दिसत होतं, आजही साधारण तसंच आहे. जुन्या वह्या काढल्या आणि एकेका गटाला फोन लावत गेले. बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळालं, "ते त कवाचंच बंद झालं, मॅडम." काही जणी अजून करत होत्या. त्यांना मी पहिल्यांदा नीट सांगितलं. सोडा पाण्यात टाकायचा, सोड्यावर पाणी ओतायचं नाही. ते थंड होऊ द्यायचं. स्लरी बारीक धारेनं, ढवळत. बाजूनं बंद असलेला गॉगल, कोपरापर्यंत रबरी मोजे. पाण्याचे दोन मोठे ड्रम भरलेले नसतील तर त्या दिवशी काम करायचं नाही. डोळ्यात गेलं तर आधी पाणी, वीस मिनिटं, पापणी उघडी धरून. दूध नाही, लिंबू नाही, गुलाबपाणी नाही. आणि मग दवाखाना.

काही जणी हसल्या. एक म्हणाली, "तुमीच त म्हनत होत्या साबन हाय म्हनून."

"चुकलं होतं माझं," मी म्हणाले. पहिल्यांदा म्हणताना जड गेलं. नंतर सोपं झालं असं नाही.

बाळापूरच्या मंदाताईंचा फोन लागत होता, पण त्या उचलत नव्हत्या. त्या गटाच्या अध्यक्ष, माझ्या सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. चार वेळा लावला, मग एसटीत बसले.

मंदाताई

त्या अंगणात भेंडी निवडत होत्या. मला पाहून उठल्या, पदर सारखा केला. मी काळा चष्मा काढला आणि सगळं सांगितलं, माझं काय झालं, कशासाठी आले. त्या ऐकत होत्या आणि माझ्याकडे तोंड जरा तिरपं करून पाहत होत्या. मला वाटलं, ऐकायला कमी येतं.

मग त्या म्हणाल्या, "मॅडम, माह्या डाव्या डोयानं दोन वर्सं झाले, दिसत नाही."

मी उठून जवळ गेले. बुबुळावर पांढरा ठिपका होता, हरभऱ्याच्या डाळीएवढा.

"स्लरीचं?"

"हो. उडाली. पोरगी होती घरात, तिनं दूध घातलं."

"मले काहून नाही सांगितलं?"

"केला होता ना फोन." त्या अजिबात रागानं बोलत नव्हत्या. "त्याच दिवशी केला होता. तुमी गाडीत होत्या, आवाज कटून राह्यला होता. म्हनाल्या, पान्यानं धुवा, गुलाबपानी टाका, उद्या बरं वाटन. मंग म्यानं नाही केला. तुमचं नाव खराब झालं असतं गावात. बाया म्हनल्या असत्या, मॅडमनं शिकवलं अन् डोया गेला."

मला तो फोन आठवत नाही. मी आजही आठवून पाहते. एसटीत रोज कितीतरी फोन यायचे. तो आला असणार, कारण मंदाताई खोटं बोलत नाहीत, आणि ते शब्द माझेच आहेत.

दोन वर्षं ती बाई एका डोळ्यानं भेंडी निवडत होती आणि माझं नाव जपत होती. आणि मी अमरावतीच्या खाटेवर पडून समजत होते, की माझ्याइतकं एकटं कोणी नाही.

"दवाखान्यात गेल्या होत्या?"

"बाळापुरात गेली होती. ते म्हने मोठ्या ठिकानी दाखवा. मंग राहूनच गेलं."

"माह्यासंग चला."

"आता काय पाहाचं त्यात."

"पाहू त द्या त्याइले."

त्या सहा दिवसांनी आल्या. अमरावतीला माझ्याच डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डोळा आतून शाबूत आहे, वरची काच पांढरी झाली आहे, मेल्यानंतर कोणी नेत्रदान केलं तर त्यातून बदलता येईल, म्हणाल्या. यादीत नाव लिहिलं. अजून नंबर लागलेला नाही. लागला तरी पूर्ण दिसेल असं कोणी वचन दिलेलं नाही. मंदाताईंनी कागद चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवला.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमी आता शिकवनं बंद करसान?"

"विचार हाय तसा."

"बंद केलं त बाया यूट्यूबवर पाहून करतीन. थे त काहीच नाही सांगत."

पुन्हा

पहिलं शिकवणं वलगावलाच ठेवलं, समाजमंदिरात. वीसेक बाया होत्या, मागं वहिनी होती. मी बादली, सोडा, स्लरी काहीच काढलं नाही. सतरंजीच्या बाजूला एक बाकडं मांडलं, त्यावर उताणी झोपले, चष्मा काढला. मंदाताईंनी डोक्याशी ड्रम ठेवला, तांब्या घेतला. एका बाईच्या हातात घड्याळ दिलं.

मी उजवी पापणी बोटानं वर धरली आणि मंदाताईंनी पाणी सोडलं, बारीक धारेनं, नाकाकडून कानाकडे. त्यांचा दुसरा हात माझ्या मानेखाली होता. पहिल्यांदा बाया हसल्या. कोणीतरी म्हणालं, मॅडमची आंघोळ. दोन मिनिटांनी हसणं थांबलं. पाच मिनिटं झाली तेव्हा घड्याळवालीनं विचारलं, "झालं का?"

"नाही," मंदाताई म्हणाल्या.

पाणी केसांतून खाली फरशीवर पडत होतं.  वहिनी उठून दुसरी बादली भरून आणायला गेली. मला कंटाळा आला, थंडी वाजली, मी मान उचलू लागले.

मंदाताईंनी मानेखालचा हात घट्ट केला. "सात मिनिटं राह्यले अजून," त्या म्हणाल्या. "पडून राहा. मी हाय ना इथं."